चवथीपर्यंत चीज: रोसाच्या प्रयोगांच्या नोंदी

२९ जून २०२५, रविवार

आजपासून ही वही. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला आहे, म्हणजे हातात आठ आठवडे आणि वर दोन-तीन दिवस. तेवढ्यात दोन गोष्टी जमवायच्या आहेत. मुलीच्या शाळेच्या डब्यात देता येईल असं नारळाच्या दुधाचं चीज, आणि चवथीला सगळ्यांच्या पंगतीत बसून तिला निर्धास्त खाता येतील अशी गोडं.

मुलगी सात वर्षांची आहे. तिला गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. दुधातली साखर न पचणं हे वेगळं दुखणं, हे वेगळं. नातेवाईक दर वेळी प्रेमानं ‘लॅक्टोज-फ्री’ दुधाचा खोका घेऊन येतात आणि दर वेळी मला समजावून सांगावं लागतं की त्या दुधातली साखर तेवढी मोडलेली असते, केसीन हे प्रथिन जागच्या जागी असतं. साजूक तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून आमच्याकडे तिच्या पानात तूपही नाही.

परवा शाळेतून आल्यावर म्हणाली, “आई, मैत्रिणीच्या डब्यात चीज होतं. मी फक्त वास घेतला, खाल्लं नाही.” एवढंच बोलून ती खेळायला गेली. मी त्या रात्री ही वही काढली.

हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे मोजून-मापून लिहायची सवय आहे. माझं माहेर सावंतवाडी, सासर गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं. माहेरी नारळाच्या दुधाला रस म्हणायचे, इथे रोस. वहीत रोस असंच लिहीन, कारण स्वयंपाकघर सासूबाईंचं आहे आणि या कामात गुरूही त्याच.

४ जुलै, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. आमच्या परसात पाच माड आहेत, पण पावसात पाडेली (नारळ पाडणारा) चढायला तयार होत नाही आणि जे नारळ खाली येतात त्यातले बरेचसे माकडांनी कोवळे असतानाच फोडलेले. म्हणून विकतचे. मध्यम नारळ ४० रुपये, मोठा ५० ते ५५. सहा घेतले. दोन वर्षांपूर्वी याच दुकानदाराकडून निम्म्या पैशांत नेल्याचं आठवतं. रोसावर प्रयोग करायचा तर एक थेंब वाया घालवून चालणार नाही.

निवडताना सासूबाईंचं ऐकलं: हातात जड, हलवल्यावर पाण्याचा आवाज मोकळा, डोळ्यांभोवती ओल किंवा बुरशी नको. कोवळ्या नारळाचं खोबरं गोड असतं पण रोस पाणचट येतो. पूर्ण पिकलेल्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो, प्रथिनं मात्र तीन-चार टक्केच. पुढे जे काही घडणार ते या दोन आकड्यांवर, असं आत्ताच वाटतंय.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपास असल्यानं घरात गडबड नव्हती. दोन नारळ आदोळीवर (विळीवर) खवले. करटीला लागून असलेला तपकिरी भाग येऊ दिला नाही, त्यानं रोस करडा होतो. सोय (खवलेला नारळ) भरली ५६० ग्रॅम.

पहिलं पाणी २५० मिली, कोमट. मिक्सरमधून काढून मलमलीच्या फडक्यात पिळलं: दाट रोस ४५० मिली. दुसरं पाणी ४०० मिली: पातळ रोस ४३० मिली. पाणी थंड घेतलं तेव्हा (सकाळी एका वाटीवर करून पाहिलं होतं) रोस बराच कमी आला आणि फडक्याला तेलकट पांढरा थर चिकटून राहिला. त्याचं कारण सरळ आहे. खोबरेल साधारण २४ अंशांना गोठतं. थंडीच्या दिवसांत सकाळी बाटलीतलं तेल घट्ट झालेलं आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तेच फडक्यात झालं.

चोथा टाकला नाही. मंद आचेवर कोरडा करून बरणीत भरला.

दाट रोसातला अर्धा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला.

७ जुलै, सोमवार

वर पांढरा, सुरीनं कापता येईल असा घट्ट थर. खाली फिकट पाणी. थराची चकती उलथण्यानं उचलून मीठ लावलं तर दिसायला अगदी चीज! मुलीनं खाल्लं आणि “छान आहे” म्हणाली. मी खूश. तुकडा डब्यात घालून टेबलावर ठेवला, शाळेतली मधली सुट्टी साडेदहाला असते तसा तीन तास. उघडला तर आत पेजेसारखं पातळ झालं होतं. बाहेरचं तापमान २८ अंश, तेल गोठण्याचा बिंदू २४. फ्रीजमध्ये जे घट्ट दिसत होतं ते नुसतं गोठलेलं तेल होतं.

यापुढे प्रत्येक खेपेला डब्याची परीक्षा: तीन तास, फ्रीजच्या बाहेर.

१२ जुलै, शनिवार

आज पनीरची रीत. दाट रोस ३०० मिली उकळला, उकळी आल्यावर लिंबाचा रस दोन चमचे. रोस फाटला खरा, पण पनीरसारखा गोळा आला नाही. बारीक, वाळूसारखे कण आणि वर तेलाचे डोळे. फडक्यातून गाळलं तर बरंचसं फडक्याच्या आरपार गेलं. उरलेलं पुन्हा गॅसवर ठेवलं, म्हटलं आटवून तरी पाहू. तेल वाढतच गेलं.

सासूबाई दारात येऊन वास घेऊन म्हणाल्या, “अगं, हे चीज कुठलं? हे आवेल होतंय.”

आणि खरोखरच तसं होत होतं. आवेल तेल म्हणजे रोस आटवून काढलेलं खोबरेल, बाळंतिणीच्या घरात लागतं ते, तान्ह्या मुलाच्या अंगाला लावायचं. रोसाला भरपूर आच दिली की त्यातली प्रथिनं थिजतात, तेलाचे थेंब एकमेकांना मिळतात आणि तेल सुटं होतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे मुद्दाम केलं गेलं. मी ते चुकून केलं आणि त्याला चीज म्हणत होते. सासूबाईंनी ते पुढे पूर्ण आटवून घेतलं. एक छोटी वाटी तेल निघालं. तळाशी उरलेला तपकिरी खमंग थर गूळ घालून मुलीला दिला. तिला तो फ्रीजच्या चकतीपेक्षा जास्त आवडला.

१३ जुलै, रविवार

कालचं नीट समजून घेऊन लिहिते.

गाईच्या दुधात केसीन असतं. त्याचे छोटे-छोटे पुंजके दुधात तरंगत असतात. रेनेट (चीजसाठी दूध थिजवायला घालतात ते) घातलं की त्यातलं किमोसिन पुंजक्यांवरचं आवरण कापतं, आंबट घातलं की पुंजक्यांचा एकमेकांना दूर ठेवणारा भार नाहीसा होतो. दोन्ही वेळा ते एकमेकांना धरून जाळं विणतात आणि तेल-पाणी त्या जाळ्यात अडकतं. तेच चीज, तेच पनीर. नारळात केसीन नाहीच. जी थोडी प्रथिनं आहेत ती वेगळ्या घडणीची. ती थिजतात पण विणत नाहीत. म्हणून रोसात रेनेट घातलं तरी काही होणार नाही, आणि लिंबानं फक्त फाटेल.

म्हणजे जाळं बाहेरून आणून द्यायला हवं. कशाचं, एवढाच प्रश्न.

१९ जुलै, शनिवार

अगर-अगर, म्हणजे आपल्याकडचं चायना ग्रास. लाल समुद्रशैवालातून काढतात. पाण्यात विरघळायला उकळी लागते, घट्ट व्हायला ३५-४० अंश पुरतात, आणि एकदा घट्ट झालं की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. डब्याच्या परीक्षेसाठी याहून चांगलं काय हवं?

पहिली खेप: पातळ रोस १५० मिलीमध्ये ४ ग्रॅम पावडर, तीन मिनिटं उकळी, त्यात फ्रीजमधला दाट रोस ३०० मिली ओतला. लगेच गुठळ्या. थंड रोस लागला तिथे-तिथे अगर घट्ट झालं. फेकलं नाही, पण चाळणीतून घासून काढावं लागलं.

दुसरी खेप: दाट रोस आधी वेगळा कोमट करून घेतला. गुळगुळीत मिश्रण. मीठ एक चमचा, आंबटपणासाठी माडाच्या सुरेचा शिरको (व्हिनेगर) एक चमचा. शिरको अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. आंबटात अगर उकळलं तर त्याची पकड सुटते. स्टीलच्या डब्याला तेल लावून त्यात ओतलं.

संध्याकाळी काप पडले. डब्याची परीक्षा उत्तम पास, तीन तासांनी कडा तशाच धारदार.

पण हे चीज नाही. दातांखाली कडकन मोडतं. पोळीवर (पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, गव्हाच्या कोंड्याची) ठेवून तव्यावर झाकण टाकून गरम केलं तर वितळत नाही, नुसतं घामाघूम होतं. मुलगी म्हणाली, “ही खारी जेली आहे.” बरोबर आहे तिचं.

२० जुलै, रविवार

कालच्याच कृतीतून मीठ-शिरको वगळून साखर, वेलची आणि मे महिन्यात गोठवून ठेवलेला मानकुराद आंब्याचा गर घातला. हीच ‘खारी जेली’ गोड होऊन ताटलीत ऐटीत उभी राहिली. चवथीच्या यादीत एक पदार्थ नक्की झाला. अगर इथे शोभतं.

२५ जुलै, शुक्रवार

ही नोंद ठळक करून ठेवते, कारण आज थोडक्यात वाचलो.

नारळ महाग म्हणून नारळाच्या दुधाच्या पावडरीचं एक पाकीट आणलं होतं. वर माडाचं चित्र, मोठ्या अक्षरांत नारळ. शाळेतून आल्यावर चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली: सोडियम केसिनेट. तेलकट रोसाची कोरडी पावडर करायची तर तेलाच्या थेंबांवर कशाचं तरी आवरण लागतं, आणि त्यासाठी दुधातलंच प्रथिन वापरायची पद्धत आहे. ज्या केसीनला टाळण्यासाठी हे सारं चाललंय तेच त्या पाकिटात. पाकीट न उघडता परत केलं.

दुधाची ॲलर्जी असलेल्या घरांसाठी: ‘नारळाचं’ एवढ्या शब्दावर विसंबू नका. पावडर असो, तयार क्रीम असो, घटकांची पूर्ण यादी वाचा. केसीन, केसिनेट, व्हे, दुधाची भुकटी यातलं काहीही असलं तर नको. खोक्यातला पातळ रोस मी पाहिला त्यात दुधाचं काही नव्हतं, फक्त गवार डिंकासारखा दाटपणा आणणारा पदार्थ होता. पण तोही दर वेळी वाचायचा.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आज पातोळ्या. हळदीची पानं परसातली, तांदळाचं वाटण, आत सोय आणि गुळाचं चून (सारण). वाफवताना घरभर जो वास सुटतो तो वहीत कसा लिहावा ते मला कळत नाही. या पदार्थात दुधाचा थेंब नाही, कधीच नव्हता. मुलीनं पाच खाल्ल्या. इतके दिवस मी तिला काय-काय चालत नाही त्याचीच यादी डोक्यात घेऊन फिरत होते. आज रात्री उलटी यादी केली: पातोळ्या, मणगणें, तिझान, अलेबेले, आणि तुपाऐवजी खोबरेल वापरलं तर दोदोल. माहेरचे रसातले शिरवाळे, खापरोळी. पानभर झाली.

२ ऑगस्ट, शनिवार

मणगण्याची तालीम, आणि त्याच्यात चीजचं उत्तर सापडलं.

सासूबाई करत होत्या, मी वजनं टिपत होते. चण्याची डाळ १५० ग्रॅम, बोटचेपी शिजवलेली. साबुदाणा ४० ग्रॅम, तासभर भिजवलेला. पातळ रोसात डाळ, साबुदाणा, मग गूळ २०० ग्रॅम. साबुदाणा काचेसारखा होईपर्यंत त्यांनी दाट रोसाला हात लावला नाही. मी विचारलं, “आई, दाट रोस आत्ताच घातला तर?”

“फुटेल. आधी साबुदाणा पिकू दे. मग दाट रोस, आणि त्याला उकळी दाखवायची नाही. कडेला बुडबुडे दिसले की उतरव.”

मी थांबलेच. वीस वर्षं हा नियम ऐकतेय, शिरवाळ्यांच्या रसासाठी माझी आईही हेच सांगायची, पण तो का, हे कधी विचारलं नव्हतं. साबुदाणा म्हणजे कंदाचा स्टार्च. तो शिजून फुलला की भोवतालचं पाणी दाट होतं. त्या दाट पाण्यात तेलाचे थेंब एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, म्हणून रोस फुटत नाही. गूळही पातळ रोसाबरोबर, स्टार्चच्या आधारानं. त्याच्या आंबटपणानं दाट रोस फाटायला नको म्हणून. मला जे जाळं बाहेरून आणायचं होतं ते या टोपात रटरटत होतं.

साबुदाण्यात आणखी एक गुण आहे: तो ताणला जातो. अगर मोडतं, साबुदाणा लांबतो. मग दोन्ही एकत्र का नको?

रात्री लगेच: साबुदाणा ३० ग्रॅम पातळ रोसात तीन तास भिजवून मिक्सरमधून अगदी मऊ काढला. (कोरडा दळून पाहिला होता, चाळूनही कणी लागली.) अगर उकळून झाल्यावर हे वाटण घातलं, लाकडी डावानं सतत ढवळलं. पाच-सहा मिनिटांत पांढऱ्याचं अर्धपारदर्शक झालं. मग आच कमी करून कोमट दाट रोस, थोडा-थोडा. मिश्रण कडा सोडायला लागलं, डावामागून लांबट पट्टी ओढली जात होती. मी मुलीला झोपेतून उठवणार होते, पण नाही उठवलं.

३ ऑगस्ट, रविवार

काप पडले. वाकवला तर वाकतो, मोडत नाही. पोळीवर घालून तव्यावर झाकून पाच मिनिटं: कडा मऊ झाल्या, वरचा भाग चकाकला, तोडताना दोन बोटं तार. पूर्ण वितळत नाही कारण अगर सोडत नाही. पण सात वर्षांच्या मुलीला हवी होती ती तारच.

चव अजून सपाट. गोडसर मागे राहतो.

१० ऑगस्ट, रविवार

चवीसाठी आठवडाभर आंबवण्याच्या मागे होते. दूध नसलेलं विरजण मिळवलं. दाट रोस तापवून कोमट केला, एक चमचा साखर घातली, कारण जिवाणूंना खायला दुधातल्यासारखी भरपूर साखर रोसात नसते. पावसाळी हवेत लागायला चौदा तास गेले. पहिल्या बरणीत वर तेलकट साय, खाली पाणी. दुसऱ्या खेपेला चमचाभर साबुदाण्याचं वाटण शिजवून घातलं आणि दही एकसंध लागलं, छान आंबट. तिसरी बरणी चीजसाठी म्हणून तीन दिवस बाहेर ठेवली. काल तिच्यावर गुलाबी डाग दिसला. बरणीसकट टाकून दिली.

त्यानंतर वाचत बसले आणि जे वाचलं ते इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. इंडोनेशियात नारळाच्या चोथ्याचं आंबवलेलं ‘टेम्पे बोंगक्रेक’ खाऊन अनेक माणसं दगावली, आणि १९८८ साली तिथे त्याच्यावर बंदी आली. बुर्खोल्डेरिया जातीचा एक जिवाणू नारळाच्या स्निग्धांशावर वाढतो आणि बोंगक्रेकिक ॲसिड नावाचं विष तयार करतो. त्याला वास नाही, चव नाही, शिजवून ते जात नाही. पदार्थ लवकर आंबट झाला, मीठ पुरेसं असलं तर त्या जिवाणूला वाव राहत नाही. पण हळूहळू, उबदार हवेत, कमी आंबट राहून मुरवलेला नारळ हे त्याचं आवडतं घर. माझी तीन दिवसांची बरणी नेमकी तशीच होती.

ज्यांच्याकडे आंबटपणा मोजायचं साधन आहे, तापमान सांभाळायची सोय आहे, त्यांची गोष्ट वेगळी. मी घरात, पावसाळ्यात, दिवसातून दोनदा वीज जाते अशा गावात, माझ्या मुलीसाठी मुरवलेलं नारळाचं चीज करणार नाही. ठरलं. आंबटपणा शिरक्याचा. चोथ्याची बरणीही आता फ्रीजरमध्ये.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शेजारच्या आंटीकडे फेस्त, म्हणजे त्यांचा ख्रिस्ती सण. त्यांच्याकडेही आज पातोळ्या! नागपंचमीला आमच्या, सायबिणीच्या (मदर मेरीच्या) फेस्ताला त्यांच्या, तेच पान आणि तेच चून. मुलीसाठी वेगळ्या ताटलीत झाकून पाठवल्या होत्या, निरोपासह की तूप लावलेलं नाही.

संध्याकाळी त्यांच्याकडे बसून बेबिंकाबद्दल विचारलं. २०२३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा त्यांना अभिमान आहे. दाट रोस, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ. एक थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, तूप फिरवायचं, मग पुढचा थर. तुपाच्या जागी खोबरेल चालेल का? त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, वास बदलेल, पण थर सुटतील. छोटी करून बघते. आमच्याकडे श्रावणात अंडं नाही, त्यामुळे चवथ झाल्यावर.

दोदोलबद्दल त्यांनी एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवते. तांदळाचं पीठ, रोस आणि माडाचा काळा गूळ दोन-अडीच तास घोटताना एक वेळ येते की तेल सुटायला लागतं. नवखी माणसं घाबरून तिथे थांबतात. थांबायचं नाही, तेल सुटणं हीच दोदोल झाल्याची खूण. मणगण्यात तेल सुटलं तर बिघडलं, दोदोलात सुटलं तर जमलं.

१७ ऑगस्ट, रविवार

पक्की कृती. यापुढे यात बदल केला तर तारखेसह लिहीन.

दाट रोस ३०० मिली, पातळ रोस १५० मिली, साबुदाणा ३० ग्रॅम, अगर पावडर ४ ग्रॅम, भिजवलेल्या काजूंची मऊ पेस्ट ४० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, माडाचा शिरको १५ मिली, हळद नखाएवढी. काजूची कल्पना सासूबाईंची. रोसात प्रथिनं जवळजवळ नाहीत, काजूनं अंग येतं आणि तो गोडसर सपाटपणा जातो.

साबुदाणा १०० मिली पातळ रोसात तीन तास भिजवून वाटायचा. उरलेल्या ५० मिलीत तेवढंच पाणी घालून अगर तीन मिनिटं उकळायचं. त्यात साबुदाणा, काचेसारखा होईपर्यंत. मग काजू. मग आच अगदी कमी करून कोमट दाट रोस तीन हप्त्यांत. कडा सुटल्या की गॅस बंद, मीठ, हळद, शिरको, आणि ताबडतोब डब्यात, कारण मिश्रण ४० अंशांच्या खाली आलं की अगर डावावरच बसतं. रात्रभर फ्रीज. साडेचारशे ग्रॅमच्या वर भरतं. फ्रीजमध्ये चार दिवस, पाचव्या दिवशी मी ठेवत नाही.

डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी सांगितलेलं मी विसरू नये म्हणून: नारळाचं दूध हे दुधाला पर्याय नाही, त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं नगण्य. चीज ही डब्यातली गंमत. कॅल्शियमसाठी नाचणी, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे आठवड्यातून तीनदा तिझान: नाचणी भिजवून, वाटून, गाळून, रोसात गूळ घालून शिजवलेली. ते तिला लहानपणापासून आवडतं.

२० ऑगस्ट, बुधवार

सोमवारपासून डब्यात जातंय, गोठवलेल्या पाण्याच्या छोट्या बाटलीला लावून. आज तिनं दोन काप मागून नेले, एक त्या मैत्रिणीसाठी. परत आल्यावर मी विचारायच्या आधीच म्हणाली, “तिला आवडलं. पण खारट म्हणाली.”

२० ऑगस्ट, बदल: मीठ ६ ऐवजी ५ ग्रॅम.

२७ ऑगस्ट, बुधवार, चवथ

दोन ओळीच लिहिते, हात मोकळे नाहीत. मणगणें मोठ्या टोपात, फुटलं नाही. नेवऱ्या (करंज्या) यंदा सगळ्याच खोबरेलात तळल्या, तिच्यासाठी वेगळ्या नाहीत. मानकुरादाची रोसातली वडी वीस माणसांना पुरली. पंगतीत ती मधोमध बसली होती आणि वाढणाऱ्यांपैकी कुणीही तिच्या पानाशी येऊन “हे चालतं का गं?” असं विचारलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

३० ऑगस्ट, शनिवार

दीड दिवसाचं विसर्जन परवाच झालं. आज माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट) उतरवली. सुपाऱ्या, तोरिंगं, काकड्या बाजूला काढल्या. नारळ सात निघाले, त्यातले पाच जड आणि कोरडे. आंटींकडून बेबिंकाची छोटी चौकोनी वडी आली, खोबरेलातली, सात थरांची. थर सुटतात. वास वेगळा आहे, आणि चांगला आहे. मुलीनं एकेक थर सोलून खाल्ला.

उद्या दोन नारळ खवायचे. साबुदाणा रात्री भिजत घालायला नको, सकाळी घातला तरी पुरतो.